विचारायला वर केलेला हात

११ जानेवारी, रविवार. गिरणी बंद ठेवून सकाळपासून दगडाला टाकी लावत बसले होते. दगडाची धार गेली की तांदूळ दळला जात नाही, नुसता चेंगरतो. पीठ गरम येतं, भाकरी थापताना फाटते, आणि बायका दगडाला नाही, मला बोलतात. पूर्वी टाकीवाला यायचा, आता येत नाही, म्हणून छिन्नी-हातोडी माझ्याच हातात. एरवी हे काम मला आवडतं. त्या दिवशी छिन्नी सारखी निसटत होती आणि एक बोट चांगलंच सोलवटलं.

कारण दुपारी देवळात गावकी बसणार होती.

आमचं गाव कर्जत आणि खालापूरच्या मधे, माथेरानच्या डोंगराखाली. ग्रामपंचायत आहे, सरपंच आहे, ग्रामसभा होते. पण त्याआधी गावकी बसते. गावकी म्हणजे गावातली जुनी घरं आणि त्यांचे पंच. काय ठरायचं ते तिथे ठरतं, ग्रामसभेत मग त्यावर नुसत्या माना हलतात. गावकीत एका घराचा एक हात धरतात. पंच विषय सांगणार, घराघराचे हात वर होणार, झालं एकमत. घरातला पुरुष कामावर असेल तर बाईने जाऊन मागे बसायचं आणि घराचा हात वर करायचा. माझ्या नवऱ्याची खोपोलीच्या कारखान्यात दुपारची पाळी होती आणि तिला लागूनच रात्रीची. त्या दिवशी आमच्या घराचा हात मी होते.

विषय एकच होता. शेजारच्या घराचं काय करायचं.

शेजारच्या घरात आई, बाप आणि मुलगी. बाप माथेरानला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात, आठवड्याने खाली येतो. आई शेतात भात आणि वाल करते. मुलगी पुण्याला जाऊन संस्कृत आणि तत्त्वज्ञान शिकून आली, आता कर्जतला एका क्लासमध्ये शिकवते. मागच्या महिन्यात ग्रामसभेत एक ठराव आला, फार्महाऊसवाल्यांना गुरचरणीतून रस्ता द्यायचा. गावकीत आधीच ठरलेलं. ग्रामसेवक वाचत होते, माना हलत होत्या, आणि ही उभी राहिली.

"रस्त्याला माझा विरोध नाही," म्हणाली. "मला एवढंच विचारायचंय, हे ठरलं कधी? आणि आधीच ठरलं असेल तर आपण सगळे इथे कशाला बसलोय?"

"च्या प्यायला!" मागून कोणीतरी ओरडलं. सभा हसली.

ती बसली नाही. "मग चहा पिता पिता चिठ्ठ्या टाकून मत घ्या," म्हणाली.

ठराव त्या दिवशी राहिला. तो राहिला याचं गावाला फार वाटलं नाही, पोरीने सगळ्यांदेखत विचारलं याचं वाटलं. गावकीचा निरोप गेला, देवापुढे नारळ ठेवा आणि माफी मागा. बाप तयार होता, नारळही आणला होता. मुलगी म्हणाली, "कशाची माफी? प्रश्नाची?" नारळ घरातच राहिला.

ही मुलगी दळण होईपर्यंत गिरणीतल्या बाकड्यावर बसून माझ्याशी वाद घालायची. तिचं म्हणणं, लोकशाही टिकवायची तर माणसाने जुनं वाचलेलं पाहिजे. ग्रीकांचं, आपलं संस्कृतातलं, इतिहास, नाटकं, तत्त्वज्ञान. मत द्यायला बोट पुरतं, पण मत बनवायला हे सगळं लागतं.

"म्हणजे आयटीआय केलेला माणूस नागरिक नाही?" मी विचारायचे. "माझी मोटर जळली तर तुझा कुठला तत्त्वज्ञ पट्टा चढवायला येणार आहे?"

"काकी, मोटरवाल्यालाच तर ते शिकवलं पाहिजे. पोटासाठी नाही, कोणी फसवू नये म्हणून."

"बोलू द्या तिला," डबा घेऊन उभी असलेली एखादी म्हणायची. "लगीन झालं की नवरा बोलू द्यायचा नाय."

"तुमच्या नवऱ्याने दिलंय की, मावशी," ती म्हणायची, आणि गिरणीच्या आवाजातही हसू ऐकू यायचं.

एकदा मी तिला अडवलं. "आणि शिकलेले फसवत नाहीत होय गं?"

"फसवतात. पण शिकलेल्याला आपण काय करतोय ते कळत असतं," ती म्हणाली. "कधी ना कधी तो थांबतो."

मला ते तेव्हा पटलं होतं, कारण माझ्या डोळ्यांसमोर आमचे सर होते.

सर आम्हाला हायस्कूलला इतिहास आणि संस्कृत शिकवायचे. माझं माहेर पलीकडच्या गावात. आम्ही मुली शेताच्या बांधावरून चालत शाळेत यायचो आणि सरांच्या तासाला उशीर होऊ नये म्हणून शेवटी पळायचो. पुढे सासर सरांच्याच गावात मिळालं म्हणून आई किती खूश झाली होती. सरांनी आम्हाला अथेन्स शिकवलं ते पुस्तकातून नाही. तिथले लोक नको असलेल्या माणसाचं नाव खापरीवर लिहून टाकायचे, पुरेशी खापरं पडली की त्याला दहा वर्षं शहराबाहेर जावं लागायचं, गुन्हा सिद्ध व्हायची गरज नाही. हे सांगून सर म्हणाले, चला, करून बघू. शाळेची कौलं बदलण्याचं काम चालू होतं. फुटक्या कौलांचे तुकडे आणि खडू त्यांनी वाटले, मग एक टोपली फिरवली.

वर्गावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं, बोलणाऱ्यांची नावं मी फळ्यावर लिहायचे. सरांनी टोपली टेबलावर उलटी केली, तर बहुतेक तुकड्यांवर माझं नाव. वर्ग खदखदून हसला. मी बाकाची कड घट्ट धरून ठेवली. सर हसले नाहीत. एकेक तुकडा उलटा करून ठेवत ते म्हणाले, "बघा, यात कोणाचीच चूक सापडणार नाही. प्रत्येकाने एकच खापर टाकलंय." त्या वर्गातल्या बऱ्याच मुलांना ते अजून आठवत असेल. मला तर आठवतंच.

तेच सर आज आमच्या गावकीचे प्रमुख पंच आहेत. दर सव्वीस जानेवारीला संविधानाची प्रस्तावना न बघता म्हणतात. कागद लिहायचा असो, तहसीलदाराशी बोलायचं असो, गाव त्यांच्याकडे जातं.

देवळात मी खांबाला टेकून बसले. बायका पाच-सहाच. शेजारच्या घराला बोलावणं नव्हतं.

सर उभे राहिले. आवाज अजून वर्गातलाच. "पहिली गोष्ट, आपण कोणालाही वाळीत टाकत नाही. तो शब्दसुद्धा तोंडात आणू नका. बहिष्काराविरुद्ध कायदा आहे आणि आपण कायदा मानणारी माणसं आहोत. फक्त काही काळ संबंध मर्यादित ठेवायचे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावणं नको. शेतावर हात द्यायला जाणं नको. दळण नको."

दळण म्हटल्यावर पुढचे सगळे मागे वळून माझ्याकडे बघायला लागले.

"ही शिक्षा नाही," सर म्हणाले. "त्यांना आत्मपरीक्षणाला दिलेली सवड आहे."

पुढे बसलेला एक म्हातारा कानामागे हात धरून ऐकत होता. "म्हंजी वालीतच ना ओ?" त्याने विचारलं.

"नाही, काका."

"मंग पोरीशी बोलायचं का नाय बोलायचं?"

"बोलायचं नाही."

"मंग वालीतच की!" म्हातारा म्हणाला, आणि गाव हसलं. सरही थोडे हसले. मला हसू आलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा गल्लीच्या टोकाला एक घर होतं. त्यांच्याशी कोणी बोलत नसे. का, ते मला कोणी सांगितलं नाही, आणि नवी सून विचारणार कुणाला? एका पावसाळ्यात त्या घरातला म्हातारा गेला. आम्ही दारं लावून घेतली होती. खिडकीच्या फटीतून दिसलं, त्याला उचलायला लोधिवलीकडून पाहुणे आले होते, ते येईपर्यंत बाई एकटी ओट्यावर बसून होती, दारात माणूस नाही. पुढे ते लोक घर विकून गेले. तिथे आता कोणाचा तरी वीकेंडचा बंगला आहे. वाळीत म्हटलं की मला ती बाई दिसते. भीती मला तिची नाही वाटत, तिच्या जागी बसायची वाटते.

"ज्यांना पटतंय त्यांनी हात वर करा," सर म्हणाले.

हात वर गेले. काही पटकन, काही शेजाऱ्याकडे बघून. माझे दोन्ही हात मांडीवर.

"वर कर गं," बाजूला बसलेली बाई पुटपुटली. "बघतायत."

मला विरोध करायचा होता असं मी म्हणणार नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. मला एक विचारायचं होतं. हे किती दिवस? आणि त्यांच्या घरात पीठ संपलं तर काय करायचं? एवढं विचारलं की कोणीतरी दुसरं काही विचारेल, असा माझा हिशेब. मी हात वर केला. शाळेत करायचे तसा, कोपर बाजूला टेकवून, सर "बोल" म्हणतील याची वाट बघत.

सरांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं. वाटलं, आता म्हणतील.

"गिरणीचाही हात आला," ते म्हणाले. "एकमत."

आणि लोक उठायला लागले.

आमच्या गावकीत वर गेलेल्या हाताचा अर्थ एकच असतो. विचारण्यासाठी तिथे कोणी कधी हात वर केलाच नाही, त्यामुळे ते समजण्याची सोयच नव्हती. हे माझ्या लक्षात आलं तोवर लोक चपला शोधत होते. आणि यात सगळ्यात वाईट काय, तर मला हलकं वाटलं. मी सगळ्यांबरोबर होते. माझ्याकडे वळलेल्या माना परत आपल्या कामाला लागल्या होत्या. बाजूच्या बाईने माझ्या पाठीवर थोपटलं.

ते हलकं वाटणं देवळाच्या पायऱ्यांपर्यंत टिकलं. तिथे मला खरी भीती वाटली, आणि ती गावाची नव्हती. इतक्या सहज मी त्यांच्यातली होऊ शकते, याची होती.

सर देवळाला कुलूप लावायला थांबले होते. मी परत वर गेले.

"सर, मी हात विचारायला वर केला होता."

ते कुलपाशी खटपट करत राहिले. "मला वाटलंच," म्हणाले.

"वाटलं होतं तर मग बोल का नाही म्हणालात?"

"कारण तू विचारलं असतंस," सर म्हणाले. "मग दुसऱ्याने विचारलं असतं. आणि मग मारामारी झाली असती. तुला माहीत नाहीत ही पोरं, रस्त्याच्या कामात कोण कोण गुंतलंय. मी शब्द निवडून सांगितलं. मी नसतो तर याहून वाईट ठरलं असतं."

"सर, कौलांचे तुकडे आठवतात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळे म्हातारे झाले होते, पण विसरले नव्हते. "आठवतात की. तुझं नाव होतं."

"मग?"

"तो इतिहासाचा तास होता, बाळ. हे गाव आहे. मला इथेच मरायचंय." किल्ली खिशात टाकून ते एक पायरी उतरले, थांबले. "हात खाली घ्यायचा असेल तर आत्ताच सांग. पण मग तुमच्या घराचाही विचार गावाला करावा लागेल. मी काही करू शकणार नाही."

मी त्यांना हात देऊन खाली उतरवलं, कारण शेवटची पायरी फुटलेली आहे आणि त्यांचा गुडघा धड नाही. त्यांचा हात थंड होता. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो मग घरी आल्यावर आला.

घरी नवऱ्याचा चहाच्या सुट्टीत फोन आला. "काय झालं?"

सांगितलं.

"दळण नाय घ्यायचं म्हटलंय ना? मग नाय घ्यायचं. तुला कोणी देश चालवायला सांगितलाय? गिरणी चालव."

"तेच तर करायचंय."

मग तो हळू बोलला, "वैशाखात आपल्या पोरीचं लगीन हाय. मांडवात कोण येईल, याचा विचार कर. मी सांगत नाय, तू विचार कर." आणि फोन ठेवला. माझा नवरा भित्रा नाही. रासायनिक टाकीत उतरून काम करणारा माणूस आहे. पण त्याचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता.

भात लावला, भाजी चिरली आणि विचार करत बसले. शेजारच्या घरात दिवा होता, टीव्ही नव्हता. एरवी त्यांचा टीव्ही आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. बातमी पोचलेली दिसत होती.

शेजारच्या पोरीचं म्हणणं खरं का खोटं, याचा मी त्या संध्याकाळी सरळ विचार केला. आमच्या गावात जुनं वाचलेली माणसं दोनच, सर आणि ती. एकाने वाचून शब्द कसे निवडायचे ते घेतलं, दुसरीने प्रश्न. विद्या तीच. सरांना खापरांचा अर्थ गावात सगळ्यांपेक्षा जास्त कळत होता, आणि तरी टोपली त्यांनीच धरली होती. ते थांबले नाहीत. मग काय कामाचं ते शिक्षण? उलट सरांनी कायदा वाचलेला नसता तर त्यांनी सरळ वाळीत म्हटलं असतं, आणि ते ऐकून निदान चार माणसं दचकली असती.

पण हेही खरं की सरांचा तो तास झाला नसता तर मला काय वाटलं असतं? हलकं वाटलं असतं आणि हलकंच वाटत राहिलं असतं. देवळात माझ्या पाठीवर थोपटणाऱ्या बाईला वाटलं तसं. ती वाईट बाई नाही. तिने घरी जाऊन जेवण केलं असेल, झोपली असेल. मी वाढून घेतलेलं ताट झाकून ठेवलं, कारण मला ती टोपली माहीत होती. शिकल्याने मी शहाणी झाले असं काही झालं नाही. फक्त मी काय केलं त्याला नाव होतं, आणि ते मला ठाऊक होतं. त्याने माणूस चांगला नागरिक होतो का, मला सांगता येणार नाही. झोप जाते, एवढं सांगते. सरांची जात असेल का? जात असावी. पण झोप गेलेला माणूस सकाळी उठून काय करतो, ते कुठल्या पुस्तकात शिकवत नसावेत, किंवा शिकवतात आणि परीक्षेला येत नाही.

पोरीला फोन करून काही धीराचं बोलावं असं मनात आलं. केला नाही. बोलून काय होणार होतं? पीठ लागतं ते लागतंच.

सोमवारी सकाळी नेहमीच्या वेळेला गिरणीचं शटर वर केलं. पट्टा चढवला, रिकामा दगड थोडा फिरवून टाकीची कच बाहेर काढली. कोणी आलं नव्हतं. मग गिरणी तशीच उघडी टाकून शेजारी गेले. आई ओट्यावर वाल निवडत होती. मला बघून तिने सूप बाजूला ठेवलं, पण उठली नाही.

"तांदूळ धुवून सुकवलेत का?" मी विचारलं. "सोमवारी तुमचं दळण असतं."

"नको वैनी," ती म्हणाली. "तुमाला तरास व्हईल. आमी कर्जतवरून पीठ आणू."

"पाकिटातलं पीठ भाकरीला चिकट होतं."

"वैनी, गावकीनी सांगितलंय ना."

"मला पण सांगितलंय. डबा कुठाय?"

मुलगी आतून डबा घेऊन आली. रात्रभर रडलेली दिसत होती, पण केस विंचरलेले, क्लासला जायची साडी नेसलेली. "काकी, तुमचा हात वर होता असं सगळं गाव सांगतंय," म्हणाली.

"होता," मी म्हणाले. "विचारायला केला होता. आता सगळ्यांना सांगत बसायला मला वेळ नाही, तू सोड ते. उशीर होईल तुला, जा."

"मी येते डबा धरायला."

"नको. मी एकटीने नेलेला बरा."

डबा कमरेवर घेतला आणि निघाले. आमच्या घरावरून गिरणीला मागची वाट आहे, कोणाला दिसत नाही. मी पुढची धरली, देवळासमोरून. चौथऱ्यावर चौघे-पाच जण ऊन खात बसले होते. बोलणं थांबलं. डब्यातले तांदूळ खळखळत होते, ते मला ऐकू येत होतं. मी मान वळवली नाही, वळवली असती तर थांबले असते.

गिरणीत जाऊन तांदूळ ओतले, दगड बारीकवर लावला, मोटर सुरू केली. पीठ चिमटीत घेऊन बघितलं, अजून जाड येत होतं, आणखी एक आटा आवळला. पीठ झालं तेव्हा डब्याचं झाकण अर्धवट ठेवलं, गरम पिठाला घाम सुटतो. फोन वाजत होता, नवऱ्याचा. तो उचलून म्हणाले, "दळण घेतलंय. घरी आल्यावर बोलू." मग डबा उचलून त्याच वाटेने परत नेऊन दिला.